जोशी-अभ्यंकर, आणि मधली गळालेली नावं

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री साडेनऊपर्यंत सताड उघडा असे. १९७६च्या डिसेंबरात तो संध्याकाळी सहालाच बंद व्हायला लागला. आतून अडसर. कडी वाजली की आई विचारायची, "कोण?" आणि नुसत्या "मी"वर तिचं समाधान व्हायचं नाही. नाव सांगा, आडनाव सांगा, कुणाकडे आलात ते सांगा. तोवर पुण्यात "कोण?" हे दार उघडून झाल्यावर विचारायची पद्धत होती.

त्या हिवाळ्याला आम्ही आजही 'जोशी-अभ्यंकर' म्हणतो. खून खटला हे शब्द जोडायचीही गरज पडत नाही. पण हे नाव अपुरं आहे, आणि मला ते दरवेळी खटकतं. मारली गेलेली माणसं दहा. जोशी तिघं. अभ्यंकरांच्या घरातली पाच, त्यातली एक अभ्यंकर नव्हतीच. आणि या दोन घरांच्या आधी एक, नंतर एक. दोघंही तरुण मुलगे.

आधीचा प्रकाश हेगडे. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात तो शिकत होता. वडिलांचं हॉटेल कॉलेजच्या मागेच, 'विश्व' नावाचं. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह ही त्याच कॉलेजची पोरं, कमर्शियल आर्टची. दारू, दुचाक्यांच्या चोऱ्या असले जक्कलचे उद्योग आधीपासून चालूच होते. हॉटेलवाल्याकडे पैसा असणार, हा या टोळीचा हिशेब. १५ जानेवारी १९७६, संक्रांतीच्या तिळगुळाचे दिवस. प्रकाशला फूस लावून कर्वे रस्त्यावरच्या जक्कलच्या पत्र्याच्या खोलीत नेलं, आणि त्याच्याच हातून वडिलांना चिठ्ठी लिहून घेतली, मी घर सोडून जातोय अशा अर्थाची. मग रात्री पेशवे पार्क. नायलॉनच्या दोरीनं गळा आवळला, देह लोखंडी पिंपात घातला, पिंप तळ्यात सोडलं. खंडणीची चिठ्ठी त्यानंतर गेली. मुलगा जिवंत नसताना.

या चिठ्ठीपाशी मी अडतो. अक्षर मुलाचं. बाप ते ओळखणार, आणि ओळखलं म्हणूनच काही काळ तरी त्यावर विश्वास ठेवणार. पुढे जे झालं त्यात सुरे होते, दोऱ्या होत्या, पण इतकं थंड डोकं मला कुठे दिसत नाही. शहरानं मात्र या पहिल्या खुनाची फारशी दखल घेतली नाही. तरुण मुलगा घरातून नाहीसा झाला, एवढीच ती गोष्ट.

पुढे कोल्हापुरात एक डाव फसला. मग ३१ ऑक्टोबर, दिवाळी नुकतीच उरकलेली. विजयानगर कॉलनीत अच्युत जोशी आणि उषाताई घरात होते. मुलगा आनंद नंतर घरी आला आणि तोही सुटला नाही. मिळालं काय? मंगळसूत्र, घड्याळ, काही हजार रुपये. २२ नोव्हेंबरला शंकरशेठ रस्त्यावरच्या एका बंगल्यात शिरले, तिथे नोकरांनी झटापट केली आणि पळावं लागलं. त्यानंतर नवव्या दिवशी, १ डिसेंबरला, भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्याची बेल वाजली.

काशीनाथशास्त्री अभ्यंकर तेव्हा ऐंशी ओलांडलेले. संस्कृत व्याकरणाचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्याहून निघाला. व्याकरणाच्या अभ्यासकाला आजही तो हाताशी लागतो. वडील वासुदेवशास्त्री पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतरकार. त्या घरात त्या रात्री शास्त्रीबुवा, पत्नी इंदिराबाई, नात जाई, नातू धनंजय आणि घरकामाला असलेल्या साठीच्या सकूबाई वाघ, पाचही जणांना संपवलं.

त्यानंतरचं पुणं मी पाहिलंय. रस्ते दिवेलागणीलाच ओस. दारांना साखळ्या, भिंग बसवायला सुतार मिळेना. आणीबाणीचा काळ, रात्री-बेरात्री सरकारची माणसं दार वाजवतील ही धास्ती काही घरांना आधीच होती, आता सगळ्यांनाच कुणाचीही झाली. चड्डीबनियनवाले आहेत, परप्रांतीय टोळी आहे, भानामती आहे, जो तो छातीठोक सांगे. आपल्याच गल्लीत स्कूटरवरून हिंडणारी, ब्रशनं अक्षरं रंगवणारी पोरं असतील, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नंतरचा अनिल गोखले. त्याचा भाऊ याच पोरांच्या कॉलेजातला. २३ मार्च १९७७ला तो भावाला अलका टॉकीजपाशी भेटणार होता. जक्कलनं ओळखीनं गाडीवर बसवलं. खून करून देह लोखंडी शिडीला बांधला, दगडांचं वजन लावलं आणि बंडगार्डनजवळ नदीत सोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो येरवड्याला वर आला. त्याच दिवशी दिल्लीत मोरारजींनी शपथ घेतली होती. पोलिसांच्या हातात पहिल्यांदाच असा मेला माणूस आला, ज्याची आणि मारणाऱ्यांची ओळख होती. मधुसूदन हुल्याळकर, माणिकराव दमामे या अधिकाऱ्यांनी मित्रमंडळींना वेगवेगळं बसवून विचारलं. त्या संध्याकाळी कोण कुठे होतं, याची उत्तरं जुळेनात. वर्तुळातला एक फुटला, मग दुसरा. ३० मार्चला अटका झाल्या, आणि हेगडे कुठे गेला याचं उत्तर तळ्यातल्या पिंपात निघालं.

एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश वामन नारायण बापट यांच्यापुढे मे १९७८मध्ये सुरू झालेला खटला २८ सप्टेंबरला चार फाशींवर संपला. उच्च न्यायालयानं एप्रिल १९७९मध्ये शिक्षा कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९८०मध्ये अर्ज फेटाळला. मग तीन वर्षं दयेच्या अर्जांची. १९८३च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानं म्हटलं, फाशी दोन वर्षांहून जास्त रखडली तर जन्मठेप द्यावी. पुढच्याच महिन्यात मोठ्या पीठानं तो नियम मोडीत काढला. सप्टेंबरात फासावर लटकवण्याची पद्धतही घटनेत बसते असा निकाल आला. २७ नोव्हेंबर १९८३, रविवारी, येरवड्यात चौघांना फाशी झाली.

मुनव्वर शाहनं तुरुंगात 'येस, आय ॲम गिल्टी' लिहिलं. मी ते दोनदा वाचलं. पश्चात्ताप खरा असेलही. पण लिहिता हात असलेल्या माणसाचा पश्चात्ताप वाचताना मी सावध होतो, आणि ती चिठ्ठी आठवतेच. पुढे 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर. अनुराग कश्यपचा 'पाँच' सेन्सॉरपाशी अडकला. जक्कल हे नाव तर पुण्यात पोरांना भीती घालण्यासाठी वापरात राहिलं. आमच्या वाड्यातल्या आजी आम्हाला "आत या, नाहीतर जक्कल येईल" म्हणायच्या, तो कोठडीत बसलेला असतानाही.

चौघांची नावं मला पाठ आहेत. सकूबाईंचं आडनाव मात्र मला हे लिहायला बसल्यावर शोधावं लागलं.