जीवसृष्टीचे माहेर अंतराळात?

जीवसृष्टीचा आरंभ कोठे झाला, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात एकदा तरी उपस्थित होतोच. आदिम समुद्रात, असे उत्तर आम्ही देतो. त्यास १९५३ मधील स्टॅनले मिलर व हॅरॉल्ड युरी यांच्या प्रयोगाचा आधारही देतो. परंतु एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारतो, ‘हे सारे आकाशातच घडले नसेल कशावरून?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन या गावी एक अशनी कोसळली. तिच्या तुकड्यांत पुढे सत्तरांहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले सापडली. त्यांतील कित्येक पृथ्वीवरील सजीवांच्या प्रथिनांत आढळतच नाहीत. म्हणजे ती येथील मातीतून चिकटलेली नव्हती. प्रथिनांच्या विटा ग्रहाबाहेर घडतात, हे त्या दगडाने सिद्ध केले.

विटा म्हणजे मात्र घर नव्हे. तारकांमधील वायुमेघांत तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि निर्वात पोकळीत पाणी द्रवरूपाने टिकत नाही. द्रवाशिवाय रेणूंनी एकमेकांस भेटावे कोठे? यास एक मार्मिक उत्तर आहे. सूर्यमालेच्या बाल्यावस्थेत लघुग्रहांच्या पोटात किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम होते. त्याच्या उष्णतेने आतील बर्फ वितळले व खडकांच्या भेगांतून कोमट पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले. ग्रह पुरते घडण्यापूर्वीची ही पाणवठ्याची जागा! अंतराळात जीवाचा उगम शक्य असेलच, तर आमच्या मते तो उघड्या पोकळीत नव्हे, अशा उदरात.

फ्रेड हॉईल व श्रीलंकेत जन्मलेले चंद्रा विक्रमसिंघे यांनी याहून पुढची झेप घेतली. जीव धूमकेतूंतून पृथ्वीवर आला, असे त्यांचे प्रतिपादन. (हॉईल पुढे साथीचे रोगही आकाशातून येतात असे म्हणू लागले, तेथे आम्ही त्यांच्यासोबत नाही.) हॉईल यांचे शिष्य, आपले जयंत नारळीकर, यांनी हा वाद प्रयोगाच्या कसोटीवर आणला. हैदराबादहून सोडलेल्या बलूनच्या साहाय्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करण्यात आली. २००५ च्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीस हॉईल यांचे नाव दिले गेले. तथापि ते जीवाणू वरून आले की खालून गेले, हे त्यावरून ठरत नव्हते, आणि संशोधकांनी तसा दावा केलाही नाही. शिष्याने गुरूचा सिद्धान्त भक्तिभावाने न मिरवता तपासावयास घेतला, हे आम्हांस त्या जीवाणूंहून मोलाचे वाटते.

या सिद्धान्ताविरुद्ध नेहमीचा आक्षेप असा की, तो प्रश्न सोडवीत नाही, केवळ दूर ढकलतो. आक्षेप अर्धाच खरा आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, आणि जीवसृष्टीच्या जुन्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या. रसायनांची पूर्वतयारी अंतराळात झाली असेल, तर पृथ्वीला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही, एवढा लाभ तरी पदरी पडतो.

अलीकडची साक्ष बेन्नू या लघुग्रहाची. तेथील सुमारे १२१ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी एका नासा-यानाने पृथ्वीवर आणली. तीत सजीवांची प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांनी बनतात त्यांपैकी चौदा, डीएनए व आरएनए यांच्या बांधणीतील पाचही नत्रयुक्त घटक आणि खारे पाणी आटून मागे राहिलेले क्षार आढळले. म्हणजे सामग्री होती, पाणीही होते. जीवाची मात्र खूण नाही. आणखी एक पेच आहे. अमिनो आम्लांची, आपल्या दोन हातांसारखी, डावी व उजवी अशी रूपे असतात. सजीव आपल्या प्रथिनांसाठी डावीच वापरतात. मर्चिसनच्या काही आम्लांत डाव्यांचे आधिक्य दिसले, तेव्हा ही निवड अंतराळातच झाली असावी असे अनेकांस वाटले. बेन्नूच्या मातीत मात्र दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच निघाली.