बादल्यांतून उतरलेला नकाशा

मे महिन्यात केरळ-लक्षद्वीपच्या बाजूला अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्याही वर जातं. जुलैत सोमालियाच्या किनाऱ्यालगत मात्र तोच समुद्र गार पडतो, कारण मोसमी वाऱ्यांमुळे खालचं थंड पाणी वर येतं. हे आपण छातीठोकपणे सांगतो ते तीस वर्षांच्या सरासरीच्या नकाशाच्या जोरावर. विषुववृत्तापाशी सुमारे २८ किलोमीटरचा एकेक चौकोन, आणि प्रत्येकाला वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं आपलं तापमान!

आता जुने आकडे कसे जमले ते बघा. खलाशी बादली समुद्रात सोडायचे, पाणी वर ओढायचे आणि त्यात तापमापक बुडवायचे. कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी डेकवरच्या वाऱ्यात माठातल्यासारखं गार व्हायचं. पुढे इंजिनसाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले. ते इंजिनघराच्या उष्म्याने थोडं चढलेलं. नोंदींमध्ये १९४५ साली जगाचे समुद्र एकाएकी गार झालेले दिसतात. समुद्राला काहीच झालं नव्हतं. युद्ध संपलं आणि बादल्या परत आल्या, इतकंच. असला घोळ जहाजागणिक निस्तरायचा, मग कुठे सरासरी.

१९८१ पासूनच्या नोंदींत उपग्रहांची भर पडली. पण त्यांच्या अवरक्त डोळ्यांना पाण्याचा केसाहूनही पातळ थर तेवढा दिसतो, आणि ढग आले की तोही नाही.

याचा फटका १९८२ मध्ये बसला. मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीने आकाशात धुरकट पडदा उभा केला आणि उपग्रहांना पॅसिफिक होता त्याहून थंड दिसू लागला. जहाजं पाणी तापल्याचं कळवत होती. संगणकाने मात्र ते आकडे सरासरीशी ताडून पाहिले आणि ‘इतकं असूच शकत नाही’ म्हणून बाद केले! विसाव्या शतकातला एक अतिप्रचंड एल निनो असा कित्येक महिने नजरेतून निसटला. त्या वर्षी आपल्याकडचा पाऊसही तुटीचा होता. मग उष्ण कटिबंधातल्या पॅसिफिकमध्ये सुमारे ७० तरंगत्या मापकांची रांग उभी राहिली. ती १९९४ मध्ये पुरी झाली.

ही सरासरीसुद्धा दर दहा वर्षांनी नव्याने काढतात. सध्याची आहे १९९१ ते २०२० ची. तेव्हा ‘समुद्र सरासरीपेक्षा गरम’ अशी बातमी वाचलीत, तर आधी विचारा: कोणत्या तीस वर्षांच्या?