दुकान शिरूरला, हिशोब लातूरहून

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. दुकानातला कॉम्प्युटर घरून चालवता येतो का, आणि येत असेल तर तो चोरांपासून वाचवायचा कसा? आजचा भाग त्यावरच. बोललो तसंच इथं उतरवलंय, फक्त मधली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.

माझ्या मामांचं शिरूर अनंतपाळला आडत दुकान आहे. शेतकऱ्यांची उचल, हमाली, तोलाई, रोजच्या पट्ट्या, सगळं एका कॉम्प्युटरवर, टॅलीत. हिशोब बघणारी ताई लग्न होऊन लातूरला गेली. तिच्याइतकं खातं दुसऱ्या कुणाला कळत नाही, आणि रोज एसटीनं येणं-जाणं करायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. मग ओळखीच्या एका कॅमेरेवाल्यानं सोपा मार्ग काढला. कॅमेरे मोबाईलवर दिसावेत म्हणून नेटचा कायमचा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, आधीच घेतलेला होता. त्यानं राऊटरमध्ये एक पोर्ट उघडून दिलं आणि सांगितलं, "आता ताई घरून बघतील." पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव आणि पुढं 123.

हे म्हणजे काय झालं, ते समजून घ्या. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप नावाची सोय आहे. तिचा दरवाजा ठरलेला असतो, नंबर 3389. तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवला की जगभरात असे दरवाजे शोधत फिरणारे प्रोग्राम तिथं येऊन पासवर्ड मारत बसतात. एक चुकला की दुसरा, दिवसरात्र. त्यांना शिरूर अनंतपाळ कुठंय ते माहीत नसतं. दार दिसलं, कडी वाजवली, बस्स. नंबर बदलला तरी फार फरक पडत नाही, कारण ते सगळेच नंबर तपासतात.

दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनची ऐन आवक सुरू असताना, एका सकाळी टॅली उघडेना. सगळ्या फाईलींची नावं बदललेली, आणि एका फाईलीत इंग्रजीत पैशाची मागणी. शेतकरी दारात पैशाला उभा, आणि त्याच्या नावावर उचल किती हे सांगता येईना. मामा नुसतेच खुर्चीत बसून होते. एवढंच म्हणाले, "आता लोकायला काय सांगू रं?"

पैसे दिले नाहीत. नशीब असं की दसऱ्याला पूजेच्या आधी ताईनं एका पेन ड्राईव्हवर डेटा काढून कपाटात ठेवला होता. त्यानंतरच्या पट्ट्या कार्बन कॉपीवरून पुन्हा भराव्या लागल्या. ताई, मी आणि मामाचा पोरगा, तीन रात्री. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी नेटची वायर काढा, मग 1930 वर फोन करा. आम्हाला त्या दिवशी हा नंबर सुचलाच नाही.

तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या दुकानाचं सोडा. मग अमेरिकेतली कलोनियल पाईपलाईन बघा. 2021 च्या मे महिन्यात तिथला पेट्रोल-डिझेल पुरवठा बंद पडला. चोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. ते कुणी वापरत नव्हतं, पण कुणी बंदही केलं नव्हतं. पासवर्ड आधीच कुठंतरी फुटलेला, आणि मोबाईलवर कोड मागणारं दुसरं कुलूप नव्हतंच. कंपनीनं 75 बिटकॉईन दिले, तेव्हाचे सुमारे 44 लाख डॉलर.

आता व्हीपीएन म्हटलं की आपल्या पोरांना ती फुकटची ॲप आठवतात, दुसऱ्या देशातलं काहीबाही बघायला घेतलेली. ती वेगळी. त्यात तुमची सगळी ये-जा एका अनोळखी माणसाच्या घरातून होते. आपल्याला हवंय ते फक्त आपल्याच दोन कॉम्प्युटरमधलं खासगी भुयार.

ते करताना एक गंमत आडवी आली. यावेळी मामांनी स्टॅटिक आयपी सोडून दिला आणि साधं कनेक्शन घेतलं. अशा कनेक्शनवर, आणि मोबाईलच्या नेटवर तर बहुतेक वेळा, कंपनी शेकडो ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता देते. अख्ख्या गल्लीला एकच पत्रपेटी असावी तसं. बाहेरून कुणी थेट तुमच्या दारापर्यंत येऊच शकत नाही. जुन्या पद्धतीचं व्हीपीएन इथं अडतं. पण टेलस्केलसारख्या सेवांमध्ये दोन्ही कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर फोन लावतात, मधला माणूस फक्त ओळख करून देतो, आणि पुढचं बोलणं कुलूपबंद होतं. ते कुलूप वायरगार्ड नावाच्या तंत्राचं. 2020 मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालं, म्हणजे ऐरागैरा जुगाड नाही. आणि राऊटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

आम्ही आधी ते जुनं पोर्ट बंद केलं आणि कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्यानं टाकलं. आत काय दडलंय कुणाला ठाऊक! मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि ताईच्या लॅपटॉपवर टेलस्केल घातलं. लॉगिन दुकानासाठी काढलेल्या गुगल खात्यानं, टू-स्टेप चालू करून. ही पायरी गाळू नका, कारण सगळ्या भुयाराची चावी तेच खातं आहे. ताईसाठी विंडोजमध्ये वेगळा साधा युजर काढला, ॲडमिन नाही.

आणि नियम लावला की ताईच्या लॅपटॉपवरून त्या एकाच कॉम्प्युटरचा रिमोट डेस्कटॉप दिसेल, बाकी काही नाही. एवढी काटकसर का, तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये चोर आतल्या यंत्रणेपर्यंत पोचले आणि दोन-तीन दिवसांत 94 कोटींच्या वर रक्कम गेली. आपलं दुकान बँक नाही, पण आत शिरलेल्याला सगळीकडं मोकळं रान मिळू नये, हे दोन्हीकडं सारखंच.

काही गोष्टी आम्हाला ठेचा लागून कळल्या. विंडोज होम असेल तर त्यावर रिमोट डेस्कटॉपनं बाहेरून येता येत नाही, प्रो लागतं. टेलस्केलची ओळख साधारण 180 दिवसांनी संपते, त्यामुळं दुकानातल्या कॉम्प्युटरसाठी ती मुदत सेटिंगमधून बंद करावी लागते, नाहीतर एक दिवस अचानक रस्ताच गायब. स्लीप बंद ठेवा. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर आपोआप चालू होईल, ही सेटिंग बायोसमध्ये असते, आपल्याकडं ती लागतेच. आणि टॅलीचं सबस्क्रिप्शन चालू असेल तर त्याची स्वतःची रिमोटची सोय असते, तेवढ्यानं काम भागत असेल तर हा सगळा खटाटोप करूच नका.

एनीडेस्क वाईट का, असं एकानं विचारलंय. ॲप वाईट नाही. पण 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं त्याच ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला स्क्रीनवरचा नंबर सांगितला की तुमचा मोबाईल त्याच्या हातात.

मामांना मात्र भीती वेगळीच होती. "उद्या ताईनं काम सोडलं तर?" मी त्यांच्या मोबाईलवर यादी उघडून दाखवली. दोन उपकरणं, ताईच्या नावापुढं तीन टिंबं, त्यात काढून टाकायचं बटण. मामांनी ते दोनदा बघितलं. ताई शेजारीच होती, हसली आणि म्हणाली, "दादा, आज नका दाबू, जीएसटी भरायचाय."

पेन ड्राईव्ह आता रोज रात्री लावतात, डेटा काढतात आणि काढून कपाटात ठेवतात. लावूनच ठेवला तर कुलूप घालणारा त्यालाही घालेल. एक अडचण अजून आहे. ताई आत आली की दुकानातला स्क्रीन लॉक होतो, दोघांना एकदम काम करता येत नाही. म्हणून तिची वेळ रात्री साडेआठनंतरची ठरलीय. तरी आवकीच्या दिवसांत मामांचा फोन येतोच, "ताईला म्हणावं पाच मिनिटं बाहेर ये, एक पट्टी राहिलीय."