पाषाण आणि पाणी : उस्मानपुरा ते लोणार

मराठवाड्याची भूमी वाळवंट नव्हे. परंतु पर्जन्यछायेत येत असल्यामुळे येथील पाऊस अपुरा व अनियमित असतो. अशा कोरड्या मुलुखात राजधान्या वसल्या आणि लेणी कोरली गेली. हे कसे घडले, याचे उत्तर प्रत्यक्ष प्रवासात मिळते. छत्रपती संभाजीनगर येथील उस्मानपुरा भागातून निघणाऱ्या शालेय सहलीला दोन दिवसांत हा पाठ गिरविता येईल. पाठाचे विषय दोनच : पाषाण आणि पाणी.

नहरींचे नगर

आजच्या शहराचे मूळ असलेले खडकी हे नगर मलिक अंबर याने १६१० साली वसविले. डोंगराकडील पाणी जमिनीखालील नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, वस्तीपर्यंत आणण्यात आले. पुढे अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरू लागले. म्हणून सहलीचा प्रारंभ पाणचक्कीपासून करणे उचित होय.

देवगिरी आणि वेरूळ

शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. यादवांच्या या राजधानीस महंमद तुघलकाने १३२७ साली दौलताबाद या नावाने आपली राजधानी केले. उभे तासलेले कडे, खंदक व अंधारी यांकडे पाहुण्यांचे लक्ष सहज जाते. तथापि शिक्षकांनी हत्ती हौद आवर्जून दाखवावा. पाण्याचा साठा नसता, तर वेढ्याच्या वेळी अभेद्य कडाही निरुपयोगी ठरला असता.

खुलताबाद येथील मलिक अंबरची कबर पाहून वेरूळला जाता येते. येथे बौद्ध, हिंदू व जैन मिळून ३४ प्रमुख लेणी आहेत. लाव्ह्याचे थर थिजून बनलेल्या काळ्या पाषाणात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कैलास लेणे शिखरापासून पायथ्याकडे कोरण्यात आले. १९८३ साली वेरूळचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

लोणारचे विवर

दुसऱ्या दिवशी जालना मार्गाने बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गाठावे. अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. वेरूळच्या पाषाणात मानवाने छिन्नी चालविली. लोणारला त्याच जातीच्या पाषाणावर उल्का आदळली व सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे, तर काठावरील धारेचे पाणी गोडे आहे. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. अशा सरोवरात वस्तीचे सांडपाणी उतरल्यास क्षारांचा तोल ढळतो आणि त्यावर जगणारी सूक्ष्म जीवसृष्टी धोक्यात येते.

कर्तव्य कोणाचे?

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून किमान १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित असून त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. बांधकामाचा अर्ज आल्यास ग्रामपंचायतीने प्रथम हे अंतर तपासावे. जुनी विहीर, बारव किंवा नहर यांत राडारोडा पडणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. कारण यांपैकी अनेक वास्तू संरक्षित यादीत नसल्याने त्यांचे रक्षण गावाच्याच हाती असते. भिंतीवर नाव कोरू नये आणि कचरा मागे टाकू नये, हा संस्कार शिक्षकांनी सहलीपूर्वीच करावा.

पाषाण शतकानुशतके टिकतो; पाण्याची वाट मात्र एका पिढीच्या दुर्लक्षाने बुजते. कोरड्या प्रदेशातील या प्रवासाने एवढी जाणीव दिली, तरी तो सार्थकी लागला असे म्हणता येईल.