लाटण्याने लाटलेले चिलखत

'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन चित्रपटातली यंत्रस्त्री पडद्यावर अस्सल धातूची वाटते. प्रत्यक्षात तिच्या अंगावर पत्रा नव्हताच! शिल्पकार वॉल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ यांनी अभिनेत्री ब्रिगिटे हेल्मच्या शरीराचा प्लास्टरचा साचा घेतला. हवेत वाळून कडक होणारा लाकडी लगदा गोणपाटावर थापून चक्क स्वयंपाकघरातल्या लाटण्याने सपाट केला, साच्यावर बसवला, कापला, घासला. वरून रुपेरी पूड मिसळलेल्या व्हार्निशचा फवारा. एवढ्यावर धातूचा भास झाला. आत कोंडलेल्या ब्रिगिटेला मात्र कडा बोचत राहिल्या.

संगणकावर यंत्रमानव हलवताना बोचण्याचा प्रश्न नाही, पण कडक पत्र्याची अडचण तीच. कातडी ताणली जाते, पत्रा ताणला जात नाही. त्यामुळे ॲनिमेटर प्रत्येक पत्रा आतल्या आभासी सांगाड्याच्या एकेका हाडाला घट्ट जोडतो आणि वाकणे फक्त सांध्यावर सोपवतो. कोपर दुमडताना दोन पत्रे एकमेकांत घुसू नयेत म्हणून फट ठेवावी लागते, किंवा एक पत्रा दुसऱ्याखाली सरकवावा लागतो. सर्वांत छळणारा सांधा खांद्याचा; तो सगळ्या दिशांना फिरतो, म्हणून तिथे एकाच मोठ्या पत्र्याऐवजी एकमेकांवर चढणारे लहान पत्रे बरे.

पत्रे वाढवण्याचा मोह किती असावा? २००७च्या 'ट्रान्सफॉर्मर्स' चित्रपटातला यंत्रमानव ऑप्टिमस प्राइम १०,१०८ भागांचा होता. तरी नजरेत भरते ती लाटण्याने लाटलेली बाईच.