घर बदलले, पण मोत्याचे काय?

ट्रकात सामान चढते. आधी धानाची पोती, मग नांगर-वखर, भांडी, गोधड्या, शेवटी शेळ्या आणि कोंबड्यांचे डालगे. म्हातारी माणसे पुढे ड्रायव्हरशेजारी बसतात. ट्रक हलतो आणि मागून धुळीतून घरचा कुत्रा धावत येतो. वेशीपर्यंत येतो, धापा टाकत उभा राहतो आणि पुन्हा रिकाम्या घराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घर हलवणे काही नवे नाही. कुणाची शेती खाणीत जाते, कुणी मुलाच्या नोकरीपायी तालुक्याला जातो, तर कुठे अख्खे गावच उठते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या आतील बोटेझरी आणि कोळसा येथील काही कुटुंबे २००७ साली मूलजवळ भगवानपूर येथे वसवली गेली. पुढे नवेगाव, जामणी, पळसगाव येथील लोकही बाहेर आले. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने उठणाऱ्या कुटुंबासाठी २००८ पासून १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपयांची तरतूद झाली. घर, शेत, झाडे या सर्वांची मोजणी होते. कुत्र्याची होत नाही. त्याची काळजी ज्याची त्यालाच करावी लागते.

मागे सोडू नये

"जंगलातला कुत्रा, राहील कसातरी," असे म्हणणारे भेटतात. परंतु गावातला कुत्रा म्हणजे जंगलातले जनावर नव्हे. तो माणसाच्या भाकरीवर वाढलेला असतो. माणूस गेला की एक तर तो उपासाने खंगतो, नाही तर बिबट्याच्या तोंडी जातो.

बिबट्याला कुत्रा किती आवडतो याचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली. त्या बागायती भागात बिबट्याच्या आहारातला वजनाने ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळीपेक्षाही कुत्रा पुढे!

दुसरा धोका रोगाचा. मोकाट कुत्र्याबरोबर पिसाळ रोग आणि डिस्टेंपर जंगलात जातात. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग, पण तो कोळसून म्हणजे रानकुत्र्यांना होतो आणि वाघ-सिंहांनाही होतो. गुजरातेत गीरच्या जंगलात २०१८ साली थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांपैकी काहींच्या अंगात याच रोगाचे विषाणू सापडले होते. म्हणून कुत्रा बरोबर नेणे हे त्याच्या, आपल्या आणि जंगलाच्याही हिताचे आहे.

आमची चूक

आम्ही जंगलाकाठचे गाव सोडून दहा कोसांवर राहायला आलो तेव्हा मोत्याला बरोबर आणले. आपण आलो म्हणजे तोही आला, असे धरून चाललो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला मोकळा सोडला. संध्याकाळी भाकर टाकायला आई बाहेर आली तो मोत्या नाही. चार दिवस शोधले. पाचव्या दिवशी जुन्या गावाकडून निरोप आला की तुमचा कुत्रा पडक्या ओट्यावर बसला आहे. आणायला गेलो तेव्हा पोट पाठीला लागले होते आणि एक कान फाटलेला होता. वाटेत दोन नाले आणि मोठे जंगल आहे. तो जिवंत पोचला हे आमचे नशीब.

परत आणल्यावर आईने आपले जुने लुगडे घडी करून त्याच्याखाली घातले. नवे पोते घातले होते त्यावर तो बसत नव्हता. लुगड्यावर मात्र नाक खुपसून झोपला. तेव्हा कळले की आपल्याला भिंती म्हणजे घर, कुत्र्याला वास म्हणजे घर.

कुत्र्याला वाट सापडते ती नुसत्या वासानेही नव्हे. चेक देशातील शास्त्रज्ञांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जागा दाखवणारे यंत्र बांधून त्यांना शेकडो वेळा जंगलात सोडले. बरीच कुत्री आल्या वाटेचा वास घेत मालकाकडे परतली. काही मात्र नव्याच वाटेने आली आणि त्यातली बहुतेक निघताना आधी सुमारे २० मीटर उत्तर-दक्षिण रेषेत पळाली. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ती दिशा ठरवत असावीत असा अंदाज आहे. असा हा प्राणी. मनात जुने घर असेपर्यंत तो तिकडे जाणारच. तेव्हा त्याच्या मनात नवे घर भरवणे हाच उपाय.

निघण्याआधी

घर हलवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ही लस देता येते आणि पुढे दरवर्षी द्यावी लागते. डिस्टेंपरच्या लसीचेही तेव्हाच विचारावे. कुत्रा दोरीला सवकलेला नसेल तर रोज थोडा वेळ बांधून सवय करावी. गळ्यात पट्टा घालून त्यावर पक्क्या शाईने आपला फोन नंबर लिहावा. त्याचे अंथरूण आणि खाण्याचे भांडे धुऊन चकचकीत करू नये. जसे आहे तसेच न्यावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून पहाटे निघावे. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये, पाणी मात्र पाजावे. ट्रकात त्याला फाळक्याजवळ लांब दोरीने बांधू नये. उडी मारली तर फास बसतो. आखूड बांधावे आणि जवळ घरचे माणूस बसावे.

दिवसा बांधा, रात्री आत घ्या

नव्या घरी उतरताच सुटा सोडू नये. दोरी धरून आधी अंगण, कोठा, सांदवाडी आणि विहीर फिरवून आणावे. त्याला सगळीकडे हुंगू द्यावे. मग जुन्या भांड्यात, जुन्या वेळेला, जुनेच खाणे द्यावे. पेज-भाकर खाणाऱ्याला कौतुकाने मटण घालू नये, पोट बिघडते.

पहिले तीन दिवस तो खाणार नाही, कण्हेल, दाराकडे पाहत बसेल. या दिवसांत त्याला मारू नये, ओरडूही नये. घरातल्या एकाच माणसाने त्याचे खाणे-पिणे पाहावे. माणसांची ये-जा दिसेल अशा जागी, सावलीत बांधावे.

सूर्य मावळला की मात्र दोरी सोडून त्याला आत घ्यावे. ही गोष्ट आपल्या मुलखात सर्वांत महत्त्वाची आहे. शहरातला माणूस "बांधून ठेवा" एवढेच सांगेल, पण जंगलाकाठच्या अंगणात रात्री बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेले ताट. त्याला पळताही येत नाही. शिवाय एकदा कुत्रा मिळाला की बिबट्या त्या घराकडे पुन्हा येतो, आणि त्याच घरात लहान मुले असतात. दार नसेल तर कोठ्याला मजबूत ताटी लावावी आणि खाली कोरडी तणस घालावी. उष्टे-खरकटे अंगणात टाकू नये.

तीन आठवडे, तीन महिने

रोज सकाळ-संध्याकाळ दोरी धरून त्याच त्या वाटेने फिरवावे. हळूहळू नव्या शेतापर्यंत, बांधीवर न्यावे. शेजाऱ्यांच्या कोंबड्या-शेळ्यांकडे तो ओढ घेऊ लागला तर पहिल्या दिवसापासून दोरी खेचून थांबवावे. नवा कुत्रा कोंबडी खातो असे एकदा नाव झाले की शेजारपण बिघडते.

गावची कुत्री परक्यावर धावून येतात. त्यांच्या झुंडीत त्याला एकदम सोडू नये. शेजारच्या एखाद्या शांत कुत्र्याबरोबर, दोघांच्याही दोऱ्या धरून, मोकळ्या जागेत चालवावे. एकाशी जमले की बाकीचे निवळतात. खाणे मात्र वेगळे द्यावे. नराची नसबंदी करून घेतली तर त्याचे भटकणे आणि भांडणे बरेच कमी होते.

तीन आठवडे झाले की खाण्याच्या वेळेआधी अर्धा तास सोडून पाहावे. भूक लागली की तो भांड्याकडे येतो. रोज थोडा वेळ वाढवावा. पूर्ण रुळायला तीन महिनेही लागतात, म्हाताऱ्या कुत्र्याला अधिक.

मोहफुले किंवा तेंदूपत्ता गोळा करायला जाताना त्याला घरीच ठेवावे. जंगलात तो वाघ-अस्वलाला भुंकून चेतवतो आणि मग धन्याच्याच पायाशी पळत येतो.

आणि एवढे करूनही नव्या गडबडीत कुणाला चावलाच, तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद-चुना लावू नये, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही. वेळेवर घेतलेल्या लसीने मात्र वाचतो.

आमचा मोत्या दोन महिने मुकाच होता. एके दुपारी भांडी विकणारा अंगणात शिरला आणि मोत्या उठून त्याच्यावर भुंकला. आई चुलीपुढून म्हणाली, "आता याला घर कळले." त्या दिवसापासून आम्ही त्याची दिवसाची दोरी काढली. रात्री मात्र तो अजूनही आतच झोपतो.