३२ किलोमीटरांत ३६,००० वर्षं

वालों-पों-दार्कच्या नदीकाठी होडी भाड्याने घेतली की हातात दोन वस्तू येतात. एक वल्हं आणि एक प्लॅस्टिकचं गोल पिंप. पिंपाचं झाकण नीट पिळून बसवायचं, कारण पुढे होडी उलटली तर त्यातला पाव, कपडे आणि फोन एवढंच काय ते कोरडं राहणार. दक्षिण फ्रान्समधलं हे गाव लहानच, वस्ती अडीच हजारांच्या आत. वर टेकडीवर जुन्या वालोंचे पडके अवशेष, खाली नंतर वसलेलं गाव, नगरपालिकेच्या इमारतीत सतराव्या शतकातले विणलेले भित्तिपट. दोन तासांत सगळं बघून होतं. नदीत उतरलं की मात्र आकडे आवाक्याबाहेर जायला लागतात.

इथून सॅं-मार्तॅं या गावापर्यंत आर्देश नदीची घळ सुमारे ३२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंचे चुनखडीचे कडे काही ठिकाणी ३०० मीटरांपर्यंत चढतात. आणि या घळीच्या तोंडाशी असलेल्या शोवे गुहेत माणसाने पहिल्यांदा चित्रं काढली, त्याला सुमारे ३६,००० वर्षं झाली. हा आकडा मी किती वेळा वाचला असेन, पण दर वेळी तो डोळ्यांवरून नुसता घसरून गेला. छत्तीस हजार म्हणजे फार जुनं, यापलीकडे मनात काही उमटतच नाही.

म्हणून तो आकडा नदीवर अंथरून बघू. वालोंचा काठ म्हणजे तो पहिला चित्रकार आणि सॅं-मार्तॅंचा काठ म्हणजे आजचा दिवस. मग एक किलोमीटर म्हणजे ११२५ वर्षं होतात, एक मीटर म्हणजे साडेतेरा महिने. वल्ह्याचा एक हात मारला की दीड-दोन वर्षं मागे पडली.

पहिले दोन किलोमीटर आपल्यासोबत ती माणसं आहेत. मग ती दिसेनाशी होतात. गुहेतला कोळसा, काजळी आणि हाडं यांचे अडीचशेहून अधिक नमुने रेडिओकार्बन पद्धतीने तपासल्यावर कळलं, की माणसं इथे दोनदा आली. पहिली ३७,००० ते ३३,५०० वर्षांपूर्वी आणि दुसरी ३१,००० ते २८,००० वर्षांपूर्वी. मधला काळ अडीच हजार वर्षांचा. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे साधारण २२०० वर्षांची. अजिंठ्यावर पडलेल्या पहिल्या छिन्नीपासून आजच्या सकाळपर्यंतचं सगळं त्या एका रिकाम्या जागेत मावतं आणि वर तीनशे वर्षं उरतात. दुसऱ्या खेपेला आलेल्या माणसांना भिंतीवरचे ते घोडे कसे वाटले असतील? त्यांच्या आजोबांच्या आजोबांनाही ते कुणी काढले हे ठाऊक असणं शक्य नव्हतं.

पाचव्या किलोमीटरच्या आसपास ही दुसरी माणसं आपल्या मोजणीत येतात, आणि थोड्याच वेळात पाण्याचा आवाज वाढतो. शार्लमेनच्या नावाचा खळाळ येतो, होडी दोन-तीनदा नाचते आणि समोर नदीवर दगडी कमान उभी राहते. हीच ती पों-दार्क. ५४ मीटर उंच, ६० मीटर रुंद. अठरा मजली इमारत खालून अलगद निघून जावी इतकी मोकळी. आपला सह्याद्रीचा काळा कातळ पाण्याने झिजतो, पण चुनखडी पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात चक्क विरघळते. नदी पूर्वी इथे डोंगराला मोठा वळसा घालून जायची. हळूहळू खडकाला भोक पडलं, ते वाढलं आणि नदीने जवळची वाट धरली. जुन्या वळणाची कोरडी दरी अजून शेजारी आहे. चित्रकार आले तेव्हा ही कमान उभी होती. म्हणजे होडीतून मान वर करून जे बघतो, ते त्यांनीही मान वर करून बघितलंय.

उन्हाळ्यात गुडघाभर वाटणाऱ्या या पाण्यावर भरवसा मात्र ठेवू नये. नदीचा सरासरी प्रवाह सेकंदाला ६५ घनमीटरांच्या घरात. सप्टेंबर १८९० च्या पुरात तो ६००० च्या वर गेला होता, म्हणजे नव्वदपटीहून जास्त.

गुहा कमानीच्या शेजारच्या कड्यात आहे. लांबी सुमारे ४०० मीटर आणि भिंतींवर हजारभर चित्रं. त्यातले चारशेहून अधिक प्राणी, चौदा जातींचे. शिकारीच्या प्राण्यांची यादी असेल असं वाटतं, पण सर्वांत जास्त दिसतात सिंह, मॅमथ आणि गेंडे. ज्यांना माणूस बिचकून असे तेच भिंतीवर आहेत. घोड्यांच्या भिंतीवर चार डोकी एकाखाली एक अशी येतात. काढण्याआधी भिंत खरवडून पांढरी केलेली, मग कोळशाची रेघ, मग तोच कोळसा बोटाने चोळून गालाला गोलाई दिलेली. खालच्या घोड्याचं तोंड किंचित उघडं आहे. एका गव्याला आठ पाय आहेत, कारण तो पळतोय.

दुसरीकडे तांबड्या मातीत बुडवलेल्या तळहातांचे ठसे आहेत. त्यातल्या एका माणसाची करंगळी जराशी वाकडी. गुहेत आत गेल्यावर आणखी एका ठिकाणी तीच वाकडी करंगळी पुन्हा सापडते. नाव नाही, भाषा माहीत नाही, पण माणूस ओळखता येतो. छत्तीस हजार वर्षांच्या बेरजेत मला सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट ही आहे.

जमिनीवर अस्वलांचं राज्य. गुहेतल्या अस्वलांच्या सुमारे १९० कवट्या तिथे पडून आहेत आणि त्यातली एक कुणीतरी मुद्दाम उचलून मोठ्या दगडावर ठेवलीय. आणि एका पोराच्या पावलांचे ठसे आहेत. आठ-दहा वर्षांचं असावं. अनवाणी, चिखलातून, सुमारे ७० मीटर.

आपल्या नदीवर ७० मीटर म्हणजे ७९ वर्षं. एक भरलेलं आयुष्य.

पुढे तेराव्या किलोमीटरवर दरड कोसळते. सुमारे २१,५०० वर्षांपूर्वी कडा ढासळला आणि गुहेचं तोंड बुजलं. आता होडीत बसल्या बसल्या हे जाणवलं पाहिजे, की यापुढचे १९ किलोमीटर आत मिट्ट काळोख आहे. आपण कड्यांवरची घारींची भरारी बघू, राखीव अभयारण्यातल्या ठरवून दिलेल्या दोनच जागांपैकी एकीवर रात्री मुक्काम करू, सकाळी पुन्हा वल्हं हातात घेऊ. आत गेंडे झुंजतायत, सिंह दबा धरून बसलेत आणि बघायला कुणी नाही. दोरदॉन्यमधल्या लास्कोच्या गुहेतली प्रसिद्ध चित्रं अर्ध्या वाटेवर येतात. शेती सुरू व्हायला बावीस किलोमीटर जावं लागतं, म्हणजे या वाटेचा दोन तृतीयांश भाग आपण एकही दाणा न पेरता वल्हवलाय. सिंधू खोऱ्यातली नगरं येतात तेव्हा शेवटचे चार किलोमीटर उरलेले असतात. जवळपास त्याच सुमारास या आर्देशच्या पठारांवर माणसं मोठमोठ्या शिळा उभ्या करून त्यांवर सपाट दगड चढवत होती, मृतांसाठी. या एका जिल्ह्यात अशी शेकडो दगडी दालनं आहेत.

अजिंठा दोन किलोमीटरांवर. ज्ञानेश्वरी साडेसहाशे मीटरांवर. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक तीनशे मीटरांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाने हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ.

आणि शेवट तीस मीटरांवर आला, की १८ डिसेंबर १९९४ हा दिवस उजाडतो. जाँ-मारी शोवे, एलिएत ब्रुनेल आणि क्रिस्तियाँ इलेर या तिघांना कड्यातल्या एका फटीतून वाऱ्याची झुळूक लागते. ते दगड बाजूला करतात, सरपटत आत जातात, शिडीवरून खाली उतरतात. ब्रुनेलला आधी तांबड्या रंगाच्या रेघा दिसतात. जमिनीवर अस्वलांची हाडं दिसताच ते एकामागे एक, आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत चालू लागतात. त्या पोराचे ठसे आज आहेत ते या सावधपणामुळे, असं मी मानतो. माणसांच्या श्वासाने लास्कोच्या भिंतींवर शेवाळ धरलं होतं आणि १९६३ मध्ये ती गुहा बंद करावी लागली होती. म्हणून शोवे लोकांसाठी कधी उघडलीच नाही. वर्षातले थोडे आठवडे मोजके अभ्यासक आत जातात, तेही अरुंद धातूच्या पुलांवरून.

बाकीच्यांसाठी वालोंच्या वरच्या पठारावर २०१५ मध्ये प्रतिकृती उघडली. मूळ गुहा साडेआठ हजार चौरस मीटरांची, ही तीन हजारांची, खर्च सुमारे साडेपाच कोटी युरो. महत्त्वाच्या भिंती जिल तोसेलोसारख्या चित्रकारांनी पुन्हा काढल्या, तसाच कोळसा घेऊन, तशीच रेघ एका दमात ओढून. ती आपल्या नदीवर शेवटच्या दहा-बारा मीटरांत येते, दोन होड्यांच्या लांबीत.

सॅं-मार्तॅंला काठावरच्या गोट्यांवर होडीचं नाक खरखरत टेकतं. पुढचा माणूस पाण्यात उतरून तिला ओढायला लागतो. मागचा अजून बसलेला असतो, पाच वर्षांपूर्वीच्या पाण्यात.